आईला उचलता यावं म्हणून

हैदराबादेत दिलसुखनगरच्या रस्त्याकडेला टोपल्या दिसू लागल्या की समजायचं, सीताफळं आली. महबूबनगरकडच्या बाया सकाळच्या बसनं येतात आणि दुकानांची शटरं वर जाण्याआधीच पायऱ्यांपुढची जागा धरतात. टोपलीत खाली सीताफळाचाच पाला, वर फळं. डोळे उघडलेली एका अंगाला, अजून कडक असलेली दुसऱ्या अंगाला. पाल्याचा तो हिरवा, किंचित कडवट वास पेट्रोलच्या धुरातूनही नाकाशी येतो आणि मी थांबते. भाव करते, दोन-चार फळं घेते. घरी येऊन एक फोडते. गर जिभेवर ठेवते, बी गालात सरकवते. चव कळायच्या आत अपराधी वाटून झालेलं असतं. गोड आहे. मनाई आहे. खाल्लं ना शेवटी?

इतकी वर्षं झाली, पण सीताफळांचे दिवस आले की मी अजून त्या एका हंगामात जाऊन उभी राहते.

राज्य दुभंगून दोनेक वर्षं झाली होती. आधी ते फक्त नकाशावर दुभंगलं होतं, आता ते आमच्या ऑफिसात शिरलं होतं. आबिड्सजवळच्या त्या जुन्या इमारतीत मी सीनियर असिस्टंट होते. कपाटांवर, खुर्च्यांच्या पाठींवर खडूनं अक्षरं पडली होती. ए म्हणजे आंध्राचं, टी म्हणजे तेलंगणचं. पंखे वाटले गेले, टायपिंगची टेबलं वाटली गेली. भिंतीवरचं घड्याळ एकच होतं, त्यावर कुणी काही लिहीना, म्हणून ते बरेच दिवस कुणाचंच नव्हतं. माणसांवर खडू चालत नाही. माणसांसाठी ऑर्डरी निघत होत्या.

माझ्या शेजारच्या टेबलावर पद्मजा बसे. गुंटूरकडची, माझ्याच वयाची, चाळिशीच्या उंबऱ्यावरची. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आम्ही दोघी एकमेकींचा डबा उघडून खात आलो होतो. तिच्या गोंगुऱ्याला मी अंबाडी म्हणायची, माझ्या अंबाडीला ती गोंगुरा. भाजी एकच, नावावरून भांडण. बोलणं आमचं इथल्या उर्दूमिश्रित हिंदीत, अधूनमधून तिची तेलुगू, अधूनमधून माझी मराठी.

तिला 'ए' आलं. मला 'टी'.

गंमत बघा. माझे वडील नांदेडकडच्या एका गावातून इथं आले, छापखान्यात बायंडिंगच्या कामाला लागले. घरात आम्ही मराठी बोलायचो, बुद्धविहारात मराठीत वंदना म्हणायचो. माझी तेलुगू आजही अडखळते. पण मी जन्मले इथं, शिकले इथं, म्हणून कागदावर मी इथली. आणि पद्मजा, जिच्या भाषेचं हे शहर, जिनं निम्मं आयुष्य इथं काढलं, जिचा नवरा, मुलगा, घर सगळं इथं, ती तिकडची. ऑर्डर आली त्या दिवशी तिनं डबा उघडला नाही. मी उघडला. भूक लागली होती. आता काय करणार? भुकेला प्रसंग कळत नाही. पण पहिला घास तोंडात फिरत राहिला. माझं काही चुकलं नव्हतं, तरी मान वर करून तिच्याकडे बघवेना.

त्याच उन्हाळ्यात माझे गुडघे बोलायला लागले होते. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, साखर काठावर आहे म्हणाल्या, आणि एक आकडा सांगितला. "इतक्यावर या, मग बोलू." मी काटा विकत आणला. काचेचा, पायाखाली गार लागणारा. रोज सकाळी आंघोळीआधी त्यावर उभी राहायची, श्वास सोडून, जणू श्वासाचंही वजन धरलं जाईल. आकडा खाली गेला तर दिवस चांगला. वर गेला तर मुलीवर ओरडायची, नवऱ्याशी तुटक बोलायची, आणि त्या रागात अजून काहीतरी खायची.

आईला हे सगळं कळत नव्हतं असं नाही. तिला ते पटत नव्हतं.

वडील गेल्यापासून ती आमच्याकडेच होती. सत्तरीला टेकलेली, बारीक, काटक, पांढऱ्या पातळातली. दुष्काळात तिनं खडी फोडलेली. माझा थोरला भाऊ तेव्हा तान्हा होता, त्याला बाभळीच्या सावलीत झोळीत टाकून ही दिवसभर हातोडी चालवायची. कामावर खायला मिळणारी सुकडी पदराच्या गाठीत बांधून घरी आणायची, कारण घरी सासू-सासरे होते. अंगावर दूध उतरत नव्हतं. मुलगा रडायचा, मग रडायचाही थांबला, तेव्हा ती घाबरली. तो वाचला. पण आईच्या मनात एक गणित कायमचं बसलं. गाल भरलेले म्हणजे लेकरू सुखरूप. मी हैदराबादेत जन्मले, रेशनचा का होईना पण गहू-तांदूळ घरात असताना जन्मले, आणि गोल झाले. माझ्या लहानपणी ती मला कडेवर घेऊन वस्तीभर फिरायची म्हणे, दाखवायला.

आता तेच लेकरू ताटातली भाकरी मोडून परत करत होतं.

"कामून अर्धी ठेवलीस?"

"बस झालं, आई."

"भाजी चांगली नाही झाली का?"

"तसं नाही. वजन कमी करायचंय. डॉक्टरनं सांगितलंय."

ती त्या अर्ध्या भाकरीकडे बघत राहिली. मग ती उचलून तिनं आपल्या ताटात घेतली. "आमी उपाशी राहिलो ते मिळत नव्हतं म्हणून," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "तू मिळतंय तर उपाशी राहलालीस. मला काय समजना बाई."

तिच्या भुकेपुढे माझं डाएट मला एखाद्या नखऱ्यासारखं वाटायचं. ज्या अन्नासाठी हिनं हातांना घट्टे पाडले, ते मी नको म्हणते, का, तर जास्त झालं म्हणून. खाल्लं तर डॉक्टरीणबाईंपुढे खाली मान, नाही खाल्लं तर आईपुढे. कित्येक महिने मला एक घास निवांत लागला नाही.

काट्याचा तर तिला रागच. एकदा मी त्यावर उभी असताना दाराशी येऊन म्हणाली, "बाबासाहेबांनी सांगितलं देव-देव करू नका, आन तू ह्या काचेपुढं रोज सकाळी श्वास सोडून हुबी राहतीस. काय प्रसाद देतो का तो?" आणि पायानं तो कॉटखाली सारला. मी हसले. ती गेल्यावर वाकून परत बाहेर काढला.

सीताफळांचा हंगाम सुरू झाला तेव्हा मी जवळजवळ काहीच खात नव्हते. सकाळी चहा, दुपारी काकडी, संध्याकाळी थोडासा भात. आकडा खाली चालला होता. पद्मजा म्हणायची, "चेहरा कैसा उतर गया तुम्हारा, देखे क्या?" मी ते कौतुक समजायची.

धम्मचक्र दिनाला विहारात गेलो. आई नेहमीसारखी पुढे, सतरंजीवर मांडी घालून ताठ बसलेली. मी मागे, म्हाताऱ्यांसाठी मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. माझ्या शेजारी आईच्या वयाच्या दोन बाया. त्रिसरणाला सगळे हात जोडून वाकले, मी खुर्चीतूनच अर्धी वाकले. पुढे आईची पांढरी पाठ सहज खाली जाऊन सहज वर आली. मला माझीच लाज वाटली, आणि लाजेत मी ठरवलं, उद्यापासून रात्रीचा भातही बंद.

त्यानंतरच्याच एका रविवारची गोष्ट. सकाळी काट्यावर उभी राहिले तर आकडा इतका खाली, की मी दोनदा उतरून चढून पाहिलं. लग्नानंतर इतकी हलकी मी कधीच नव्हते. गुणगुणत आंघोळ केली. नवरा मुलीला ट्यूशनला सोडायला गेला होता. घरात मी आणि आई.

अकराच्या सुमारास धुण्याच्या जागेतून आवाज आला. मोठा नाही. बादली कलंडल्याचा, आणि मग काहीच नाही. मी धावले. आई साबणाच्या पाण्यात बसलेली, एक पाय विचित्र वळलेला, हात भिंतीला टेकवून उठायचा प्रयत्न करणारी.

"काही नाही झालं," ती म्हणाली. "हात दे."

हात दिला. उठेना. मी खाली वाकले, तिच्या काखेत हात घातले आणि जोर लावला. गुडघ्यातून कळ आली. पुन्हा लावला. डोळ्यांपुढे काळी वर्तुळं यायला लागली, कानात घुं झालं, आणि मी भिंतीला धरून तिच्याच शेजारी, त्याच पाण्यात, खाली बसले. आता उठायचं म्हटलं तर दोघींनाही उठता येईना.

आईनं माझ्याकडे पाहिलं. स्वतःचा पाय विसरून ओल्या हातानं तिनं माझ्या कपाळाला हात लावला. "घाम फुटलाय की तुला. खाल्लंस का सकाळपासून काही?"

"चहा घेतला," मी म्हटलं.

"बस जरा," ती म्हणाली. "बसू दोघी. येईल कुणीतरी."

शेवटी मी हाका मारल्या आणि खालच्या मजल्यावरचे नवरा-बायको धावत आले. त्यांनी आईला दोन्ही बाजूंनी धरून सहज उचललं, पलंगावर नेऊन ठेवलं. मग बाई परत आल्या आणि त्यांनी मलाही हात दिला. घोटा सुजला होता, हाड शाबूत होतं. चार दिवसांत आई लंगडत का होईना चालू लागली आणि ते विसरूनही गेली. मी नाही विसरले. ज्या सकाळी काट्यानं मला शाबासकी दिली होती, त्याच सकाळी माझ्या हातांना माझी आई उचलता आली नव्हती. हिनं दुष्काळात एका हातानं पोर सांभाळून दुसऱ्या हातानं दगड फोडले. आणि तिच्या घासावर वाढलेलं माझं हे शरीर तिच्या एका हाकेला उपयोगी पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी पद्मजाला सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही ऑफिसमागच्या कडुनिंबाखाली फेऱ्या मारायचो, तिथं. सांगता सांगता रडले. तिनं रडू दिलं. मग म्हणाली, "एक बात पूछूं? वो डॉक्टर का नंबर हो गया समझो. फिर क्या करनेवाले तुम?"

"मतलब?"

"मतलब पतले होके करना क्या है? कुछ तो करना होगा ना तुम्हारे को. कायकू कर रहे ये सब?"

इतक्या महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. मी चालत राहिले. मग तोंडातून आपोआप निघालं, "आईला उचलायचंय."

"हां," ती म्हणाली. "अब हुई ना बात. उसके वास्ते तो खाना पडता, अम्मा."

तिचंही एक होतं, ते तिनं तेव्हा सांगितलं. तिकडे तिला एकटीनं राहावं लागणार होतं, भाड्याच्या खोलीत, वरच्या मजल्यावर. शनिवारी गाडीनं हैदराबाद, रविवारी परत. "घरवालेकू बोली, सामान कौन चढाता? हर हफ्ते कुली करूं?" तिची पाठ धरायची. तिला स्वतःची बॅग स्वतः उचलून डब्यात ठेवता यायला हवी होती. नवऱ्यावर, मुलावर, कुणावर न टेकता.

मग त्या कडुनिंबाखालच्या मोकळ्या जागेत आम्ही दोघी चाळिशीच्या बाया खुळ्यासारख्या उठाबशा काढू लागलो. आधी बाकावर बसून उठायचं, हात न टेकवता. मग बाकापेक्षा खालच्या कट्ट्यावर. पाण्यानं भरलेल्या बाटल्या पिशवीत घालून पिशव्या उचलायच्या. लिफ्ट होती, ती सोडून दिली. ऑफिसातले लोक खिडकीतून बघायचे. त्यांना वाटायचं, दुःखानं डोकं फिरलं असेल. फाळणी चालू असलेल्या त्या इमारतीत हसण्याचा आवाज तेवढा त्या कडुनिंबाखालून यायचा.

घरी मी आईला म्हटलं, "आजपासून पूर्ण भाकरी खाणार. पण ज्वारीची. भात कमी. आणि डाळ, उसळ जास्त."

"ज्वारी सुटावी म्हणून तर आमी शहरात आलो," ती म्हणाली, "आन डॉक्टरनं तुला फिरून तितंच आणून सोडली व्हय?" पण पीठ मळायला बसली. त्या दिवशी मी टेबल सोडून तिच्यासमोर जमिनीवर बसले. बसताना गुडघे करकरले, उठताना ओट्याला धरावं लागलं. मधला वेळ मात्र आम्ही दोघी समोरासमोर होतो, तिच्या हातातली भाकरी थेट माझ्या ताटात पडत होती, आणि कित्येक महिन्यांनी मी चावून, चव घेऊन जेवले. अपराधी वाटायचं थांबलं होतं का? नाही. इतक्यात कुठलं थांबणार? पण वाटत असतानाही जेवता येतं, हे कळलं.

आकडा दोन आठवड्यांत वर गेला. मी काटा शेजारणीला देऊन टाकला, त्यांना हवाच होता. असं मी धीरानं केलं म्हणून सांगते, पण त्यानंतर कित्येक सकाळी माझा पाय सवयीनं त्या जागी जाऊन उभा राहायचा.

सीताफळं संपत आली तेव्हा पद्मजा गेली. मी स्टेशनवर सोडायला गेले होते. नवरा, मुलगा, मी, सगळे फलाटावर. गाडी आली तसे तिघांचेही हात बॅगेकडे गेले.

"ओद्दु," ती म्हणाली. नको. आणि तिनं वाकून, गुडघ्यातून नीट बळ घेऊन, बॅग उचलली, पायरीवर ठेवली, आत ढकलली. मग दारात उभी राहून मागे वळली. चेहरा जिंकल्यासारखा होता आणि डोळे भरलेले होते. मी हात हलवत होते, पण मनात एकच होतं, की मी इथंच राहणार आहे. उद्या त्याच टेबलाशी. कडुनिंब मला, आणि हिला अनोळखी गावातली खोली. वडिलांना भुकेनं इथं आणलं, आणि त्या भुकेच्या पुण्याईवर मी इथली ठरले. याची भरपाई कुणाला करायची? गाडी हलल्यावर तिचा मुलगा माझ्याशेजारी उभा राहून मोबाइलमध्ये बघत होता, रडू येऊ नये म्हणून.

पुढे काय झालं ते साधंच आहे. वजन उतरलं, पण हळू, आणि डॉक्टरीणबाईंच्या आकड्यापर्यंत ते कधीच पोचलं नाही. साखर काठावरून आत सरकली, मग पुन्हा काठावर आली, तिथंच आहे. पुढच्या वर्षी विहारात मी सतरंजीवर बसले. वंदना संपल्यावर उठताना आईच्या खांद्याला हात लावावा लागला. तिनं तो हात दोन वेळा थोपटला. पद्मजाचा दर रविवारी संध्याकाळी स्टेशनवरून फोन यायचा, "चढा दी." आता ती तिकडे रुळली आहे, तिचा मुलगा तिकडेच नोकरीला आहे, आणि हैदराबाद तिला धुळीचं वाटतं म्हणे. मला ते ऐकून बरं वाटतं. थोडं वाईटही वाटतं.

आणि आई. आई हळूहळू थकली. आजार असा मोठा नाही, दिवा मंदावतो तसं. आधी धुण्याची जागा सुटली, मग ओटा सुटला, मग चालणं. शेवटच्या हिवाळ्यात ती पलंगावरच असायची, आणि तिला सकाळचं ऊन हवं असायचं. आमच्या बाल्कनीत कोवळं ऊन थोडाच वेळ येतं. मुलगी म्हणायची, "आजीला व्हीलचेअर आणू ना मम्मी, ऑनलाइन मिळते." आणलीही. पण तिला ती आवडायची नाही. "गाडीत बसून कुठं जायचंय मला?" म्हणायची.

मग मीच न्यायची. एक हात तिच्या पाठीखाली, एक गुडघ्यांखाली. पाय रोवून, पाठ सरळ ठेवून, पोटातून बळ काढून. उचलता यायचं. पहिल्या दिवशी उचलली तेव्हा माझाच माझ्यावर विश्वास बसेना. पण दुसऱ्याच क्षणी कळलं, की इतक्या वर्षांच्या मेहनतीतलं निम्मं बळसुद्धा लागलं नव्हतं. हातांत काही नव्हतंच. पातळ, हाडं, आणि माझ्या गळ्याभोवती घातलेला एक हात. दोन चमचे पेज जायची तिला तेव्हा, तीही मनधरणी करून. रोज उचलताना वाटायचं, काल होती त्यापेक्षा कमी आहे. जिनं सगळ्यांच्या ताटात वाढलं, तिच्या ताटात काय पडत होतं ते मी आयुष्यात कधी नीट पाहिलं नव्हतं. माझी अर्धी भाकरी तिनं उचलून घेतली होती. तिची अर्धी कोण घेत होतं?

एकदा बाल्कनीच्या दारात मी क्षणभर थांबले. दम लागला म्हणून नाही, ऊन तिच्या डोळ्यांवर येत होतं म्हणून. तिला वाटलं मी थकले.

"जड झाले का गं मी?" तिनं कानाशी विचारलं.

मी तिला जरा वर घेतलं, नीट धरलं.

"जडच आहेस, आई. लई जड."

तिनं माझ्या खांद्यावर मान टाकली. चेहरा मला दिसत नव्हता, पण आवाजात समाधान होतं.

"मंग? खाते की मी."